उत्तर पोर्तुगाल आणि गॅलिसियात आई-बाबांना झेपतील अशा चालण्याच्या वाटा कोणत्या?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: बाबा सत्तरीला आलेत, पण रोज सकाळी पाच किलोमीटर फिरून येतात. आईचे गुडघे कुरकुरतात. हातात दहा दिवस आहेत. ट्रेकिंग नको, पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा असली सहलही नको. झाडी हवी, जुनी गावं हवीत आणि दोन्ही पायी बघायचं आहे.

मी पोर्तोत राहतो. घरून कोणी आलं, त्यात आमची आई आणि सासूबाईही आल्या, की त्यांना याच भागात फिरवतो. म्हणून फक्त मिन्यो नदीच्या अलीकडचं-पलीकडचं लिहितो, म्हणजे पोर्तुगालचा उत्तर कोपरा आणि त्याला लागून असलेला स्पेनचा गॅलिसिया. बास्क प्रदेश, अस्तुरियास वगैरे सुंदर आहेत, पण दहा दिवसांत सगळं कोंबलंत तर चालणं राहील आणि गाडीत बसणंच होईल.

आधी एक इशारा. इथल्या माहितीफलकांवर 'सोपी वाट' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. ते लिहिणाऱ्याच्या लेखी सोपी म्हणजे दोर लागत नाही, इतकंच. त्यापेक्षा ती वाट आधी कशासाठी होती ते विचारा. जुना रेल्वेमार्ग असेल तर चढ नावापुरताच असणार, कारण इंजिनालाच तो झेपत नव्हता. रोमन रस्ता असेल तर त्यावरून गाड्या आणि फौजा जायच्या, म्हणजे तोही बेताचाच. नदीकाठची वाट, तटबंदीवरची वाट, या दोन्ही चालतील. याउलट हल्ली जिथे-तिथे झालेले लाकडी 'पासादिसु', म्हणजे फळ्यांचे उंचावलेले पादचारी मार्ग, फोटोत सपाट दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी ते नुसते जिने असतात. आरोकाजवळचा पायवा नदीवरचा आठ किलोमीटरचा मार्ग सगळे सुचवतील. आईंना तिथे अजिबात नेऊ नका.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गुडघ्यांना त्रास जंगलात कमी आणि गावात जास्त होतो. जुन्या गावांतले रस्ते ग्रॅनाइटच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. शतकानुशतकांच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत, मधल्या फटी मात्र तशाच आहेत. पाऊस पडला की त्यावर पाय सटकतो. म्हणून दिवसाला एकच गाव ठेवा आणि ते सकाळी उरका. दुपारनंतर मातीची वाट.

सुरुवात पोंत द लिमापासून करा. पोर्तोहून गाडीने तासाभरात पोचता. लिमा नदीवर लांबलचक दगडी पूल आहे, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. पलीकडच्या टोकाच्या काही कमानी रोमन आहेत, बाकीचा पूल मध्ययुगातला. इथली दंतकथा बाबांना आवडेल. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात देसिमुस जुनियुस ब्रुटुस हा रोमन सेनापती फौज घेऊन इथे आला, तर सैनिक नदी ओलांडायलाच तयार होईनात. त्यांना वाटलं, ही विस्मरणाची लेथे नदी, पार केली की घरदार, नावगाव सगळं विसरून जाऊ. शेवटी सेनापती एकटाच पलीकडे गेला आणि तिथून एकेका सैनिकाला नावानिशी हाक मारू लागला. आज एका काठावर रांगेत उभे असलेले सैनिक आणि दुसऱ्या काठावर घोड्यावरचा सेनापती असे पुतळे आहेत. मधून नदी संथ वाहते. पर्यटकांसाठी केलेलं असूनही ते चांगलं जमलंय.

गावाच्या बाजूने काठाकाठाने मोठ्या प्लेन वृक्षांची दुतर्फा रांग आहे. सावली इतकी दाट की ऐन दुपारीही चालता येतं. तिथून पुढे 'इकोव्हिया' म्हणून आखलेली नदीकाठची वाट वरच्या अंगाला पोंत द बार्काच्या दिशेने जाते: शेतं, द्राक्षांचे मांडव, अधूनमधून पाण्यावरचे जुने बांध. पूर्ण चालायची गरज नाही. हवं तितकं जा आणि मागे फिरा. ज्येष्ठांबरोबर मी नेहमी अशीच जा-ये वाट निवडतो. गोलाकार वाटेचा धोका असा की अर्ध्यात दमलात तरी उरलेला अर्धा चालावाच लागतो, आणि चढ नेमका त्याच अर्ध्यात दडलेला असतो.

एक आड एक सोमवारी इथे नदीच्या वाळवंटात बाजार भरतो. गावाला ११२५ मध्ये दोना तेरेझाने सनद दिली, तीतही या बाजाराचा उल्लेख आहे. ही तेरेझा म्हणजे पोर्तुगालच्या पहिल्या राजाची, अफोन्सू एनरिकिशची आई. जमलं तर बाजाराचा सोमवार साधा, पण गाडी लावायला जागा मिळणार नाही हे धरून चाला.

जंगलासाठी पेनेदा-जेरेश. १९७१ मध्ये स्थापन झालेलं हे पोर्तुगालचं एकमेव राष्ट्रीय उद्यान, सुमारे ७०० चौरस किलोमीटरचं. डोंगर उंच आहेत, पण तुम्हाला वर चढायचंच नाही. काम्पू दु जेरेश गावाजवळ व्हिलारिन्यु दा फुर्ना धरणाचा जलाशय आहे. त्याच्या कडेने 'जेइरा' हा रोमन रस्ता आल्बेर्गारियाच्या ओकच्या जंगलात शिरतो. ब्रागाहून स्पेनमधल्या अस्तोर्गाला जाणारा हा महामार्ग इसवी सनाच्या पहिल्या शतकात बांधला गेला. कोयना किंवा उजनीच्या काठची गावं ठाऊक असलेल्या माणसाला जलाशयापाशी थांबावंसं वाटेल, कारण व्हिलारिन्यु हे अख्खं गावच धरणाच्या पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की घरांच्या दगडी भिंती वर येतात.

त्या जंगलात मला सगळ्यात आवडतात ते रोमन मैलाचे दगड. बाजूला दोरी नाही, काच नाही, तिकीट नाही. झाडाखाली चार-पाच दंडगोल एकत्र उभे असतात, काही छातीएवढे, काही डोक्याच्या वर जाणारे, अंगावर शेवाळ. जवळ जाऊन तिरप्या उजेडात पाहिलं की अक्षरं दिसू लागतात: सम्राटाचं नाव, त्याच्या पदव्या आणि खाली ब्रागापासूनचं अंतर. एकाच जागी इतके दगड का, तर नव्या सम्राटाच्या नावाचा नवा दगड उभारायचा आणि जुना तसाच ठेवायचा अशी रीत होती. आपल्याकडच्या कोनशिला आठवतात! उन्हाळ्यात या जंगलातून गाडी नेण्यावर बंधनं असतात आणि मध्ये थांबता येत नाही. चालणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडतं.

परतताना सुआजू किंवा लिंदोझूला तासभर थांबा. दोन्हीकडे 'इस्पिगेरू' आहेत, मका साठवायची ग्रॅनाइटची कोठारं. आपल्या कणगीचंच काम, पण अख्खी दगडात घडवलेली आणि खांबांवर उचललेली. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर सपाट दगडी चकती असते, उंदराला खालून चढून ती ओलांडता येऊ नये म्हणून. छपरावर क्रूस. सुआजूला अशी २४ कोठारं एकाच मोठ्या खडकावर आहेत. खडक उतरता आहे, तेव्हा आईंनी कडेवरूनच बघितलेलं बरं.

ब्रागा आणि गिमराइंश ही शहरं. गिमराइंशचं जुनं केंद्र २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, चौक देखणे आहेत, अर्धा दिवस पुरतो. तिथून फाफेपर्यंत जुन्या रेल्वेमार्गाची वाट आहे, सपाट, पण निम्मी वस्तीतूनच जाते. वेळ उरला तरच. ब्रागाजवळच्या टेकडीवरचं बॉम जेझुश मात्र चुकवू नका. नाव जुन्या गोव्यातल्या बॅसिलिकेचंच, पण प्रकार वेगळा: पाचशेहून अधिक पायऱ्यांचा नागमोडी जिना आणि माथ्यावर चर्च. एका टप्प्यात पंचेंद्रियांची कारंजी आहेत, दगडी चेहऱ्याच्या डोळ्यांतून, कानांतून, नाकातून पाणी पडतं. लोक सांगतात, वर गाडीने जा आणि उतरताना जिना बघा. गुडघे दुखणाऱ्याला उतरणंच जास्त नडतं, तेव्हा जातायेता दोन्ही वेळा १८८२ पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे चढावरच्या रुळांवरची दोरीची गाडी, घ्या. ती पाण्यावर चालते: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि दोरीने खालचा डबा वर ओढतो. बाबा तिथेच रमतील. माथ्यावर चर्चच्या मागे मोठी झाडं, तळं, होड्या असलेली बाग आहे, आणि चालायचं ते तिथे. कारंजी बघायची तर बाबांनी एकट्याने थोडं खाली उतरून यावं.

मग सीमा. पोर्तुगालच्या बाजूला व्हालेन्सा, तारेच्या आकाराच्या दुहेरी किल्ल्याच्या आतलं गाव, जिथे स्पेनचे लोक टॉवेल आणि चादरी खरेदीला येतात. समोर टेकडीवर तुई, किल्ल्यासारखं दिसणारं कॅथेड्रल मिरवणारं. मध्ये १८८६ चा लोखंडी पूल, वर रेल्वे, खाली गाड्या आणि कडेला पादचारी मार्ग. दोन देश पायी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पासपोर्ट सहसा कोणी विचारत नाही, तरी खिशात असू द्या. स्पेनचं घड्याळ एक तास पुढे, आणि त्याचा फायदा करून घ्या. स्पेनमध्ये दोनच्या आत जेवण मागितलं तर स्वयंपाकघर थंड असतं. व्हालेन्सात एकला भूक लागली की पूल ओलांडायचा, तुईत बरोबर दोन वाजलेले असतात.

व्हालेन्साहून मोंसांवपर्यंत नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गाची 'इकोपिस्ता' ही या सगळ्या भागातली सर्वांत सोपी वाट म्हणेन. गुळगुळीत, रुंद, जुनी स्टेशनं तशीच, डावीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे स्पेन. पूर्ण अंतर बारा-तेरा किलोमीटर. सायकलवाले मागून येतात, त्यामुळे उजव्या कडेने चाला.

गॅलिसियात मुक्कामाला पोंतेवेद्रा निवडा. १९९९ पासून इथलं जुनं शहर जवळजवळ पूर्ण वाहनमुक्त केलंय आणि फरशी मोठ्या सपाट शिळांची आहे, म्हणजे वर केलेली दगडांची तक्रार इथे लागू नाही. लेरेझ नदीतल्या बेटावर ग्रॅनाइटच्या शिल्पांचा बगीचा आहे. लाकडी पुलाने जायचं, झाडीतून फिरायचं. बाकांवर आजी-आजोबा बसलेले असतात, त्यांना हात केलात तर तेही करतात.

सांतियागोत कॅथेड्रल तर बघालच. नंतर आलामेदा बागेत फेरादुरा या वळणावर जा, तिथून कॅथेड्रलचे मनोरे समोर दिसतात, आणि वर ओकची राई आहे. बोनावाल बाग कमी गर्दीची. तिथून एक दिवस लुगो. गावाभोवती तिसऱ्या-चौथ्या शतकातली रोमन तटबंदी आजही सलग उभी आहे, सव्वादोन किलोमीटरही भरत नाही. तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते, फुकट, सपाट. वर जायला बहुतेक ठिकाणी जिने आहेत, सांतियागो दरवाज्यापाशी मात्र उतार आहे. आईंना तिथून न्या.

तुमचे बाबा कामिनो, म्हणजे सांतियागोला जाणारी तीर्थयात्रेची वाट, चालायचं म्हणतील, कारण वाटेत शिंपल्याची खूण आणि पाठीवर पिशव्या टाकलेली माणसं दिसणारच. प्रमाणपत्राला शेवटचे १०० किलोमीटर पायी लागतात, त्याच्या फंदात यंदा पडू नका. एका सकाळी पोंतेवेद्राहून तासभर त्यांना त्या वाटेने जाऊ दे.

मे, जून किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तर असतंच, शिवाय वणव्यांमुळे जंगलातल्या वाटा ऐनवेळी बंद होतात. मिन्यो भाग हिरवा आहे तो पावसामुळेच, तेव्हा छत्रीपेक्षा पावसाळी जाकीट आणि रबरी तळव्याचे बूट. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालत असतील तर उत्तमच. जेरेशसाठी गाडी लागेलच, बाकी शहरं रेल्वेने आणि बसने होतात.

शाकाहारी असाल तर काल्दो वेर्द हे बटाटा आणि पालेभाजीचं सूप सगळीकडे मिळतं, पण वर सॉसेजचा तुकडा टाकतात, तो आधीच नको म्हणून सांगा. पोंत द लिमातला प्रसिद्ध 'सारराबुल्यु' भात डुकराच्या मांसाचा आणि रक्ताचा असतो, नुसतं भात ऐकून मागवू नका. गॅलिसियात तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, बटाट्याचं ऑम्लेट आणि बदामाचा केक यांवर निभावतं. व्हिसा दोन्ही देशांना मिळून एकच शेंगेन. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर आधी उतरणार त्या देशाकडे.