जर्मन ड्राय व्हाईट वाइन हवीय? सिल्वानरपासून सुरू कर

हे बघ, जर्मन व्हाईट म्हणजे गोडच असणार हे आधी डोक्यातून काढ. लेबलवर 'ट्रोकन' लिहिलंय का बघायचं, असेल तर ती ड्राय, साखर लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम. रिस्लिंग द्राक्षाची घे असं सगळेच सांगतील, पण तिचा आंबटपणा नवीन माणसाला कधीकधी झोंबतो, म्हणून मी म्हणेन जर्मनीतल्या फ्रांकेन भागातली, सिल्वानर जातीच्या द्राक्षाची वाइन घे, व्युर्त्सबुर्गच्या आसपासची, ती चपट्या गोल पोटाची बाटली असते ना, बॉक्सबॉयटल, त्यातली. तिथल्याच कास्टेल गावात १६५९ मध्ये ही द्राक्षं लावल्याची नोंद आहे, म्हणजे नवीन फॅड नाही हे. वास फार उसळत नाही, थोडं नाशपाती, थोडं हिरवट, आणि चुनखडीच्या जमिनीतली असेल तर मागे जरा मातकट-खारट चव रेंगाळते, मला तर तेच आवडतं.

खायचं म्हणशील तर पांढरा अ‍ॅस्परॅगस! तिकडे त्याचा सीझन साधारण एप्रिलपासून २४ जूनपर्यंत, सोबत उकडलेले बटाटे, हॅम आणि वरून वितळवलेलं बटर, याला सिल्वानरच, कारण त्याच्या कडसर चवीशी ओकच्या पिंपात मुरवलेली शार्डोने भांडत बसते, ही नाही भांडत. ट्राउट, तळलेला कार्प पण मस्त. भाजलेलं बीफ वगैरे हिच्यावर भारी पडतं, चॉकलेट तर नकोच.

९-१० डिग्रीला पी, एकदम बर्फगार असली की चवच कळत नाही. आणि पहिल्याच फटक्यात महागडी 'ग्रोसेस गेवेक्स' (निवडक मळ्यांतली, सगळ्यात वरच्या दर्जाची ड्राय वाइन) उचलू नकोस, साधी गुट्सवाइन, म्हणजे वाइनरीची रोजची वाइन, पुरते.