४१ नोंदींची वही

"मॅडम, देव मानायचा तर पुराव्यावरच मानावा ना?" मी समुपदेशन करते, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याची ओळख बदलली आहे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणारा मुलगा, झोप उडाली म्हणून आलेला. सॅकमधून वही काढली. तीन रकाने: देवाकडे मागितलं, झालं, नाही झालं. सुरुवात आईच्या बायपासपासून, मग मित्राचा निकाल, शेवटी केएमटीची, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस वेळेत येते का. ४१ नोंदी, १९ खऱ्या. "नाणं उडवलं तरी एवढंच येईल," म्हणाला आणि रडायला लागला.

नुसतं गृहीतक फेटाळलं गेलं असतं तर तो रडला नसता.

अमेरिकेतला २००६ चा अभ्यासही त्यानं वाचला होता. बायपासचे १,८०२ रुग्ण. काहींसाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली, गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत उलट जास्त, ५९ टक्के. मी वाद घातला नाही. प्रार्थनेनं आजार हटतो असं कुणी म्हणत असेल तर ते तपासायलाच हवं, आणि औषध सोडायचं नाही, हे मी प्रत्येकाला ठणकावून सांगते.

मग विचारलं, "किरणोत्सवाला जातोस?"

"लहानपणापासून, आजीबरोबर."

नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. ढग आले, वाटेत इमारत आडवी आली, की पोचत नाहीत. हे मोजता येतं, मोजतातही.

"पोचले नाहीत त्या वर्षी आजी काय म्हणाली?"

बराच वेळ गप्प. "काही नाही. हात जोडले, 'येतो गं आई' म्हणाली."

आजीचा विश्वास सहवासात मुरलेला. जिवलग माणसाची कुणी रोज परीक्षा घेत नाही. पण त्यालाही तसंच वाटलं पाहिजे असं नाही, हेही सांगितलं. देव नाही असं वाटलं म्हणून तो वाईट मुलगा ठरत नाही.

खरी भीती तिसऱ्या भेटीत बाहेर आली: वही बंद केली आणि आईला काही झालं तर? हा मंत्रचळाकडे, म्हणजे भीतीपोटी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहण्याच्या आजाराकडे जाणारा रस्ता. पुढच्या सहा भेटी त्यावरच गेल्या. नोंद करावीशी वाटली की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस.

देव मानतो का, मी विचारलं नाही. नोव्हेंबरात आजीला घेऊन गेला होता. ढग होते. वही घरी होती.