ॲनाटॉमीत संशोधनासारखं आता काही उरलंय का? (नागपूर, एमबीबीएस पहिलं वर्ष)

शरीर तर कधीच चिरून पाहून झालं, आता नवीन काय सापडणार, असं तुम्ही विचारलंय. भरपूर सापडतं, तेही डिसेक्शन हॉलच्या टेबलावरच.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं असतं, सर्कल ऑफ विलिस. पुस्तकातल्या आकृतीत ते अगदी नीटनेटकं, पूर्ण. आता फॉर्मेलिनमधला मेंदू उलटा धरा आणि अरॅक्नॉइडचा (मेंदूवरच्या पातळ आवरणाचा) पापुद्रा चिमट्याने हळूहळू सोडवत जा. कुठे मागची जोडधमनी दोऱ्याएवढी बारीक निघते, कुठे एका बाजूला ती नसतेच. असे फरक सर्रास दिसतात. मानेतली एक कॅरॉटिड धमनी बंद पडली, तर दुसऱ्या बाजूचं रक्त मेंदूत पलीकडे पोचेल का, हे बरंचसं याच जोडण्यांवर ठरतं. त्यांची मापं, फोटो, नोंदी न्यूरोसर्जनला थेट उपयोगी पडतात. क्लिनिकल ॲनाटॉमी म्हणजे हेच काम. आणि ते देहदान करणाऱ्यांमुळेच होतं, याची जाणीव ठेवूनच स्काल्पेल उचला.

न्यूरोबायोलॉजी त्याच्या पुढे, पेशींपर्यंत जाते: मायक्रोटोमवर (अतिपातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) काप, चेतापेशी उठून दिसाव्यात म्हणून निस्सल स्टेन हा रंग, मग मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास मोजणी. माझ्या मते धीर नसेल तर या वाटेला जाऊ नये.

नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी कॉलेजं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे ॲनाटॉमी विभाग आहे. तुमच्या विभागातल्या सरांना किंवा मॅडमना भेटा, आयसीएमआरच्या एसटीएसबद्दल (विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन शिष्यवृत्तीबद्दल) विचारा. प्रकल्प छोटा असला तरी एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या.