प्लॅटिनम, पांढरं सोनं आणि परात

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: पाचवीच्या मुलांना प्लॅटिनमची सोपी ओळख करून द्यायची आहे, तर त्याला 'पांढरं सोनं' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे 'पांढरं सोनं' ऐकून ऐकून कान किटलेत. सराफाकडचं व्हाइट गोल्ड हे सोनंच असतं. त्यात पॅलेडियम, निकेल किंवा चांदी घालून पिवळेपणा मारायचा आणि बहुधा वरून रोडियमचा मुलामा चढवायचा. प्लॅटिनम हा मुळातच वेगळा धातू, अणुक्रमांक ७८. शिवाय विदर्भात पांढरं सोनं म्हणजे कापूस! वर्गात यवतमाळकडचं एखादं पोर असलं तर ते तुम्हालाच दुरुस्त करेल.

मुलांना सांगायचं ते एवढंच. लिटरभर दुधाची पिशवी प्लॅटिनमने भरली तर एकवीस किलोंच्या वर भरेल. तो गंजत नाही, आणि वितळायला १७६८ अंश सेल्सिअस लागतात. दागिन्यांपलीकडे तो गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतो. तिथे इंजिनातून येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. पेसमेकरच्या तारांची टोकं त्याची, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन त्याचं. झालं.

आता खरी गंमत नावात आहे. आजच्या कोलंबियातल्या चोको भागात स्पॅनिश लोक नदीच्या वाळूतून सोनं धुवून काढायचे, तेव्हा त्यात पांढुरके हट्टी कण यायचे. भट्टीत वितळेनात, सोन्यापासून सुटेनात. चांदीला स्पॅनिशमध्ये 'प्लाता'. तिला नाक मुरडून जोडलेला लघुत्वाचा प्रत्यय म्हणजे 'प्लातिना'. चिमुरडीच्या चालीवर आपण 'चांदुरडी' म्हणू, तसं. आंतोनिओ दे उयोआ या स्पॅनिश नौदल अधिकाऱ्याने १७४८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ही 'प्लातिना' युरोपला भेटली. शेवटचा 'म' नंतर लॅटिन थाटासाठी लागला. आज सोन्याच्या बरोबरीने मिरवणाऱ्या धातूचं नाव ही मुळात शिवी आहे!

आणि ही 'प्लाता' तरी कुठली? मूळ अर्थ धातूचा सपाट पत्रा, त्यामागे ग्रीक 'प्लातिस', म्हणजे रुंद, पसरट. त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ 'पृथु', आणि 'पृथ्वी' म्हणजे पसरलेली. इथे लगेच कोणीतरी 'प्लाता हा आपल्या पत्र शब्दाचाच अपभ्रंश' असं ठोकून देतं. अहो, 'पत्र' हा 'पत्' या क्रियापदाच्या मुळातला, उडणं-पडणं दाखवणारा. पसरटपणाशी त्याचं काही देणंघेणं नाही. भाऊ असणं वेगळं, बाप असणं वेगळं.

आता माझी लाडकी परात. पोर्तुगीजमध्ये 'प्राता' म्हणजे चांदी आणि 'प्रातु' (लिहिताना प्रातो) म्हणजे ताट. दोघे त्याच पसरट घराण्यातले. परात या 'प्रातु'वरून आली, असं माझं ठाम मत. ती 'पात्र'वरून आली म्हणणारे विद्वान चिडतात, चिडोत. 'पात्र'मधला 'र' शेवटून उठून मधे कसा येऊन बसला, हे त्यांनी आधी सांगावं. 'प्रा'चा 'परा' होणं मात्र मराठी तोंडाला रोजचं आहे. 'प्राण'चा 'पराण' होतोच की. आणि घमेलं, बादली ही भांडीही पोर्तुगीजांकडूनच आली. मग परातीनेच काय घोडं मारलंय? म्हणजे कणीक मळायची परात आणि अंगठीतलं प्लॅटिनम ही चुलत भावंडं ठरतात.

जाता जाता, संस्थेच्या पंचाहत्तरीला 'प्लॅटिनम महोत्सव' छापू नका. २०२२ साली ब्रिटनच्या राणीने प्लॅटिनम ज्युबिली केली ती सत्तर वर्षांची, आणि आपल्याकडे अमृतमहोत्सव आहेच.