पहिल्यांदाच कामगार दिनाचा कार्यक्रम करतोयस?
भाषणांची यादी बाजूला ठेव. आधी निवृत्त कामगारांकडे जाऊन निवांत बस, आणि संपाबद्दल नंतर, कामाबद्दल आधी विचार. एका आजोबांनी मला त्यांच्या मशीनचा ठोका टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला होता. त्या वर्षी आमचं नाटक त्याच ठोक्यानं सुरू झालं! जुना डबा, पगाराची चिठ्ठी अशा वस्तू मांडल्यास तर ती कुणाची, हे विचारून खाली लिही.

तारखा मात्र नेमक्या हव्यात. १ मे आला तो १८८६ साली अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी झालेल्या संपातून. आणि कार्यक्रमाला मंच लागतोच असं नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली आगीत १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. दर २५ मार्चला लोक त्यांच्या घरांसमोरच्या फूटपाथवर त्यांची नावं आणि वय खडूनं लिहितात. एवढंच. मला याहून मोठी श्रद्धांजली माहीत नाही.

वेळ ठरवताना शिफ्ट विचार. पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी सहाला ठेवलं, आणि ज्यांच्यासाठी केलं तेच कामावर होते. आता दोन खेळ करतो.