पंधरा ठोकळ्यांनंतर

"अभ्यासाला बसला की दहा मिनिटांत उठतो आणि गेमवर तीन तास हलत नाही. व्यसनच लागलंय ना हे?" समुपदेशनाला आलेल्या आईचा पहिलाच प्रश्न. शेजारी बारा वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

व्यसन हा शब्द फार पटकन वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे खरा. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटतो, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण १२ महिने तरी चालतं. याची झोप, मित्र, शाळा सगळं जागेवर होतं. वाकडं होतं ते गणिताशी.

"दाखव बघू, काय करतोस ते," मी म्हटलं.

माइनक्राफ्ट, ठोकळ्यांनी बांधायचा गेम. एक दार, लांबवर एक खटका, मधे रेडस्टोनची, म्हणजे गेममधल्या विजेच्या तारेची, लाल रेघ. खटका ओढला, दार ढिम्म. "१५ ठोकळ्यांनंतर सिग्नल मरतो, मधे रिपीटर लागतो," म्हणत त्याने तो, सिग्नल पुन्हा जोरात पुढे पाठवणारा ठोकळा, लावला. दार उघडलं. मग रेडस्टोनचाच टॉर्च जोडून उलटं करून दाखवलं: खटका चालू, तर टॉर्च बंद. संगणकातलं 'नॉट गेट', चालूचं बंद आणि बंदचं चालू करणारं सर्किट, ते हेच. नाव तेवढं त्याला माहीत नव्हतं.

"हे जमेपर्यंत किती वेळा फसलं?"

"कोण मोजतंय!"

वहीतल्या चुकांवर मात्र लाल फुल्या होत्या, आणि त्या त्याने बरोबर मोजलेल्या होत्या.

आईने घरी 'गेमसारखा' अभ्यासही करून पाहिला होता. प्रत्येक गणिताला एक स्टार, वीस स्टारला बक्षीस. पठ्ठ्या सोपीच गणितं निवडायला लागला! आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढतात, हे १९७३च्या एका प्रयोगात दिसलं होतं. गेममधून आम्ही नेमके पॉइंट आणि बक्षिसं उचलतो, आणि चुकायची मोकळीक तिथेच सोडून येतो.

तक्ता काढून टाकला. चुकलेलं गणित खोडून पुन्हा करायचं, फुली नाही. गेमची वेळ दोघांनी बसून ठरवली. रेडस्टोन येतं म्हणून अपूर्णांक आपोआप येत नाहीत, हेही आईला स्पष्ट सांगितलं. ते वेगळेच शिकावे लागले, हळूहळू.

पाचव्या भेटीत आई म्हणाली, "काल त्याने मला दार करायला लावलं. उघडेचना."

"मग?"

"सतरा ठोकळे घातले होते मी."