साइट पाडायला निघण्याआधी

चिडून एखाद्या वेबसाइटवर हल्ला करून ती बंद पाडायचं तुझ्या मनात आहे; तुझा राग मला पटतो. पण साइट पाडणं हे समोरच्याचं तोंड दाबणंच, मग तो कितीही नालायक असो. 2010 मध्ये ‘अनॉनिमस’ या हॅकर गटाच्या हाकेला ओ देऊन अनेकांनी ऑनलाइन पैसे पाठवायच्या पेपाल या सेवेवर ‘लोइक’ हे, साइटवर भडिमार करून ती ठप्प करणारं टूल चालवलं. ते वापरणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, लपवतच नाही! पुढच्याच वर्षी अमेरिकेत धरपकड झाली. ‘स्ट्रॅटफॉर’ या खासगी गुप्तवार्ता कंपनीची यंत्रणा फोडल्याबद्दल हॅकर जेरेमी हॅमंडला 10 वर्षांची शिक्षा झाली; त्याचा साथीदार ‘साबू’ तेव्हा एफबीआयचा खबरी होता. म्हणून ग्रुपात सगळ्यात जास्त चिथावणारा असतो ना, त्याच्यापासून आधी लांब हो. शिवाय त्या फोडाफोडीत साध्या ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे तपशीलही उघडे पडले. त्यांचा काय गुन्हा? हात शिवशिवतच असतील तर बग बाउंटीकडे वळ (कंपन्या आपल्या यंत्रणेतल्या त्रुटी शोधून देणाऱ्याला बक्षीस देतात ती योजना), तेही परवानगीची हद्द नीट वाचून.